ठिपका हलतोय तोवर फोन नाही

अ‍ॅपवरून मागवलेल्या टॅक्सीत बसलं की पहिली नजर डॅशबोर्डकडे जाते. तिथे बहुतेकदा दोन फोन लावलेले असतात, कधी तीनसुद्धा. मागे बसलेल्याला वाटतं, या माणसाला फोनचा नादच आहे. मी आधी एका रेडिओ कॅब कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये काम केलं, पुढे टॅक्सीचालकांना प्रशिक्षण देऊ लागलो, तेव्हा या फोनांचा हिशेब मला कळला. एकावर चालू फेरीचा नकाशा असतो. दुसऱ्यावर दुसऱ्या कंपनीचं अ‍ॅप, कारण एकाच अ‍ॅपच्या भाड्यांत गाडीचा हप्ता निघत नाही. तिसरा फोन घरचा. पुढच्या भाड्याची घंटी वाजते तीही प्रवासी मागे बसलेला असतानाच. काही सेकंदांत बोट लावलं नाही तर भाडं दुसऱ्याकडे जातं, आणि अशी भाडी सारखी सुटली तर इन्सेंटिव्हवर पाणी सोडावं लागतं. तेवढ्यात पुढच्या प्रवाशाचा फोन येतो, ‘दादा, कुठे पोचलात?’

फोन चालकाच्या हातात दिसतो, पण तो वाजवणारा जवळजवळ नेहमी दुसराच कुणीतरी असतो. या धंद्यात इतकी वर्षं राहून माझ्या मनात पक्की बसलेली गोष्ट ती हीच, आणि पुढचे किस्से तिच्याचसाठी सांगतो आहे. माणसांची आणि कंपन्यांची नावं देत नाही.

बातमी थांबायची

दादरच्या स्टँडवर गाडी लावणारे एक काका होते, मूळचे जुन्नरकडचे. नव्या मुलांच्या वर्गात दोन गोष्टी सांगायला मी त्यांना बोलवायचो. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली होती. त्या गाडीचा गिअर खाली नसायचा, स्टिअरिंगच्या दांड्यालाच डाव्या बाजूला असायचा. पॉवर स्टिअरिंगचा तर प्रश्नच नव्हता. ‘एक हात गिअरवर, एक चाकावर. फोन दिला असता तरी धरला कशानं असता?’ काका विचारायचे आणि वर्ग हसायचा.

मग ते मुद्द्यावर यायचे. त्यांना पहिला मुलगा झाला तेव्हा गावाहून निरोप आला तो स्टँडसमोरच्या पानवाल्याच्या फोनवर. काका कुलाब्याचं भाडं घेऊन गेलेले. पानवाल्यानं दुकानाच्या फळीवर खडूनं लिहून ठेवलं. काका वाटेत आणखी दोन भाडी करून परतले, रांगेत गाडी लावली, मीटरवर फडकं टाकलं आणि मग फळी वाचली. सगळ्या स्टँडनं पेढे खाल्ले. ‘गाडी थांबेपर्यंत बातमी थांबायची,’ काका म्हणायचे. ‘चांगली असो, वाईट असो. बापाचं काळीज तेव्हाही हेच होतं रे. पण बातमी तीन तासांनी कळली म्हणून पोरगं काही कमी झालं नाही माझं.’

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षं ठरलेलं, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. गाडी थांबण्याची वाट पाहणं मात्र बातमीनं त्याच्या कितीतरी आधी सोडून दिलं होतं.

कंट्रोल रूममधली एक रात्र

२००७ च्या सुमारास मुंबईत रेडिओ कॅबचा जमाना सुरू झाला. गाडीत छोटा पडदा आणि जीपीएस, आणि आमच्यासमोर भिंतीवर मुंबईचा नकाशा. प्रत्येक गाडी म्हणजे त्या नकाशावरचा एक ठिपका. मोकळ्या गाडीचा रंग वेगळा, भाड्यात असलेलीचा वेगळा. ग्राहक फोन करायचा, ‘अजून गाडी आली नाही.’ ऑपरेटर लगेच चालकाला फोन लावायची. चालक चालत्या गाडीत उचलायचा, कारण समोर कंपनी असायची. कंपनीचा फोन न उचलण्याची छाती कुणाला होती?

रात्रपाळीला आमच्याकडे एक सुपरवायझर होते, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. मोजकं बोलणारे. एका रात्री आमच्यातली एक ऑपरेटर अंधेरीकडे निघालेल्या चालकाशी बोलत होती. प्रवाशाची इमारत कुठली, गेट कुठलं, हे ती समजावत असताना पलीकडून ब्रेकची किंकाळी आली. मग काहीच नाही. तिनं दोनदा ‘हॅलो’ म्हटलं. थोड्या वेळानं धाप लागलेला आवाज आला, ‘काही नाही मॅडम. बाईकवाला होता, वाचला. बोला, गेट कुठलं?’

तो ‘बोला’ ऐकून ती मुलगी रडायला लागली. सुपरवायझर उठून आले, तिच्या कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे बोट करून म्हणाले, ‘ठिपका हलतोय तोवर फोन नाही. आजपासून.’ दुसऱ्या दिवशी हेच वाक्य कागदावर लिहून प्रत्येक मॉनिटरच्या कडेला चिकटवलेलं होतं. चालकाला गाडीतल्या पडद्यावर एवढाच निरोप जायचा, ‘थांबून फोन करा.’ तो कडेला गाडी घ्यायचा आणि फोन करायचा.

वरच्या साहेबांना धास्ती होती की उशिराच्या तक्रारींचा पाऊस पडेल. तसं काही झालं नाही. होण्यासारखं नव्हतंच. चालकाला फोन केल्यामुळे सिग्नल लवकर सुटत नव्हता की पुलावरची कोंडी फुटत नव्हती. फोनमुळे गाडी पोचण्याची वेळ बदलत नव्हती, धोका तेवढा वाढत होता.

पन्नास मीटर डोळे मिटून

प्रशिक्षणाला येणारा चालक ताजा शिकाऊ नसतो. त्याच्या खिशात बॅज असतो आणि मुंबईच्या रस्त्यांवर घासलेली वर्षं असतात. ‘फोन वापरू नका’ असं त्याला सांगितलं तर तो मान डोलावतो आणि बाहेर पडताच फोन उचलतो. म्हणून आम्ही मैदानात दोरी टाकायला लागलो.

गणित साधं आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर पुढे जाते. भाडं स्वीकारायला नजर तीन सेकंद फोनवर गेली तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. आम्ही ५० मीटरची दोरी ताणायचो आणि चालकाला म्हणायचो, ‘या टोकाकडून त्या टोकाकडे चाला. डोळे मिटून. वाटेत काही नाही, मैदान रिकामं आहे.’ धिप्पाड माणसं पंधरा-वीस पावलांत डोळे उघडायची. काही हात पुढे करून चालायची. ‘मैदान रिकामं आहे हे माहीत असूनही भीती का वाटली?’ एवढंच मी विचारायचो. त्यानंतर भाषणाची गरज पडायची नाही.

‘पण मी तर हेडफोन लावतो,’ असं एखादा हमखास म्हणायचा. त्याच्यासाठी दुसरा खेळ होता. मैदानात शंकू मांडून त्यांच्यामधून हळू गाडी चालवायची, आणि त्याच वेळी हेडफोनवर आमच्या माणसाशी गाडीच्या हप्त्याबद्दल बोलायचं. वाटेत एकजण लाल फळी हातात धरून उभा असायचा. फेरी संपली की विचारायचो, फळीवर काय लिहिलं होतं? कित्येकांनी विचारलं, ‘कुठली फळी?’ डोळे उघडे होते, रस्त्यावरच होते, आणि फळी दिसली नव्हती.

यावर बाहेर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या टोरांटो शहरात डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या मोबाइलच्या नोंदी अपघाताच्या वेळेशी ताडून पाहिल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हात मोकळे असल्याचा फायदा दिसला नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. शेजारी बसलेल्या मित्राशी बोलणं आणि फोनवरच्या मित्राशी बोलणं यांत फरक आहे का? गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ठरलेलं वळण चुकवलं, शेजारी मित्र असलेल्यांपैकी बहुतेकांनी ते बरोबर घेतलं.

हा फरक टॅक्सीवाल्याला सांगावा लागत नाही, तो लगेच ओळखतो. समोर ट्रक आडवा आला की शेजारचा प्रवासी आपोआप गप्प होतो, ‘अरे, जपून’ म्हणतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो बोलतच राहतो आणि उत्तराची वाट पाहतो.

झोप येते म्हणून बोलतो

विमानतळाजवळ चालक भाड्याच्या रांगेत तासन्‌तास थांबलेले असतात. रात्री तिथे गेलात तर निम्म्या गाड्यांच्या सीट मागे टाकलेल्या दिसतात, काचा थोड्या खाली, पाय डॅशबोर्डवर. तिथे एका चालकाला मी विचारलं होतं, रात्रभर कानात बोलत कुणाशी असतोस? तो जौनपूरचा. म्हणाला, ‘साहब, बात नहीं करूँगा तो सो जाऊँगा.’ चार-पाच मित्रांनी रात्रीसाठी कॉन्फरन्स कॉल ठरवलेला होता. कुणी ठाण्याकडे, कुणी पनवेलकडे. एकाचा आवाज बंद झाला की बाकीचे नावानं हाका मारायचे.

हे ऐकल्यावर मला त्याच्यावर रागावता येईना. तो फोन त्याच्यासाठी जागं राहण्याचं साधन होता. दुखणं फोनच्या मागे होतं. सकाळी एका अ‍ॅपवर सुरुवात, दुपारी जेवण गाडीतच, रात्री दुसरं अ‍ॅप, आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता. केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अ‍ॅप कंपन्यांसाठी म्हटलं होतं की चालकानं दिवसात १२ तासांपेक्षा जास्त लॉगइन राहू नये आणि त्यानंतर १० तास विश्रांती घ्यावी. कागदावर हे चोख होतं. रस्त्यावर मात्र एक अ‍ॅप बंद करून दुसरं सुरू करायला बोटाचा एक स्पर्श पुरतो, आणि शरीराला अ‍ॅप बदलल्याचं कळत नाही.

म्हणून वर्गात मी फोनच्या आधी झोपेबद्दल बोलायचो. जांभया सलग यायला लागल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी लेन सोडायला लागली, की कॉन्फरन्स कॉल नको. गाडी सुरक्षित जागी लावायची आणि वीस मिनिटं डोळे मिटायचे. भाडं गेलं तर गेलं. त्या जौनपूरच्या चालकाच्या मंडळींनी पुढे आपल्या कॉलचा नियम बदलला. ज्याचा आवाज जड व्हायला लागेल त्याला बाकीच्यांनी हाका मारायच्या नाहीत, ‘गाड़ी लगा’ म्हणून कॉलमधून काढायचं.

‘साहेब, मॅप बघतोय’

सिग्नलला हवालदारानं पकडलं की हे उत्तर ठरलेलं असतं, आणि कधीकधी ते खरंही असतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, हातात धरून फोन वापरणं नाव घेऊन घातलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत स्पष्ट झालं की गाडी चालवताना असं उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येईल, आणि तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं.

त्यामुळे सगळं येऊन ठेपतं ते फोन कुठे आहे यावर. मी गाड्या तपासायचो तेव्हा आधी फोनची जागा बघायचो. मांडीवर किंवा गिअरपाशी फोन असेल तर मॅप बघायला मान खाली जाते आणि रस्ता पूर्ण सुटतो. स्टिअरिंगच्या बाजूला, काच न झाकता, नजरेच्या रेषेच्या जरा खाली होल्डर लावला तर रस्ता डोळ्यांच्या टप्प्यात राहतो. पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाकायचा, आवाजी सूचना मोठ्या ठेवायच्या, आणि वाट चुकली तर चुकू द्यायची. पुढच्या वळणावर मॅप स्वतः नवी वाट काढतो.

कव्हरखाली गेलेले पट्टे

सुरक्षेची आणखी एक गोष्ट टॅक्सीत दिसेनाशी होते, ती म्हणजे मागच्या सीटचे पट्टे. नवी गाडी आली की चालक पहिल्यांदा सीट कव्हर घालतो, कारण प्रवासी काय काय सांडतील याचा नेम नसतो. कव्हर चढलं की पट्ट्याचं बक्कल खाली जातं. ‘मागे तिघं बसतात, बक्कल टोचतं म्हणून तक्रार करतात,’ हे कारण मी पुष्कळदा ऐकलं.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबरपासून मागच्या प्रवाशांनाही पट्टा सक्तीचा केल्याचं जाहीर केलं. त्या काळात आमच्या वर्गातल्या एका चालकानं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सीट कव्हरवाल्याकडून आपल्या कव्हरला तीन चिरा पाडून घेतल्या, कडा शिवून बक्कलं वर काढली आणि गाडी स्टँडवर सगळ्यांना दाखवली. थोड्याच दिवसांत त्या स्टँडवरच्या बऱ्याच गाड्यांची बक्कलं वर आली. शेजारच्या चालकानं केलेली गोष्ट चालक लगेच उचलतो, हे मी तिथे शिकलो. पुढच्या प्रत्येक तुकडीला मी त्याची गाडी दाखवत राहिलो.

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या टॅक्सींना ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि संकटात दाबायचं बटण बसवणं नियमानं आवश्यक झालं. ते लाल बटण कुठे आहे हे बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसतं. एकटी बाई किंवा म्हातारं माणूस बसलं की प्रवास सुरू करतानाच ‘ताई, बटण इथे आहे’ म्हणून दाखवा, असं मी चालकांना सांगायचो. सुरुवातीला त्यांना ते अपमानास्पद वाटायचं. नंतर त्यांनीच सांगितलं की एवढं बोललं की प्रवासी निवांत बसतो.

मागच्या सीटवरचा अधिकार

एका ताईंचा किस्सा मला त्यांच्या चालकाकडूनच कळला. रात्रीची वेळ, दादर ते नेरूळ. वाशीच्या पुलावर चालकाला गावाहून व्हिडिओ कॉल आला आणि त्यानं तो उचलला. ताई ओरडल्या नाहीत की तक्रारीची धमकी दिली नाही. म्हणाल्या, ‘दादा, आत्ता ठेवा. पूल उतरलो की कडेला घ्या आणि नीट बोला. मी थांबते, मला घाई नाही.’ त्यानं गाडी सुरक्षित जागी लावली. मुलगी तापानं फणफणली होती, तिला बापाला बघायचं होतं. तो पाच मिनिटं बोलला आणि मग त्यांना घरी सोडलं. ‘आजवर लोकांनी फोन ठेवायला सांगितलं होतं,’ तो मला म्हणाला, ‘थांबून बोल असं कुणी सांगितलं नव्हतं.’

हा किस्सा मी प्रत्येकाला सांगतो, कारण त्यात प्रवाशाच्या हातात काय आहे ते आलं आहे. टॅक्सीत बसल्यावर शांतपणे आणि ठामपणे म्हणा, ‘दादा, फोन थांबून घ्या, मला उशीर झाला तरी चालेल.’ चालक तरीही ऐकत नसेल तर वर्दळीच्या, उजेडाच्या जागी उतरा आणि अ‍ॅपवर तक्रार करा. धोका वाटला तर ११२ लावा. आणि गाडी यायची असते तेव्हा चालकाला फोन करू नका. कंट्रोल रूमच्या भिंतीवर होता तोच ठिपका आता तुमच्या मोबाइलवर आहे. तो हलतो आहे म्हणजे माणूस गाडी चालवतो आहे. गेट कुठलं, मजला कुठला, हे मेसेजमध्ये आधीच लिहून ठेवा.

घरच्यांनाही आम्ही एकदा वर्गाला बोलावलं होतं. नियम एकच ठरवला. मिस्ड कॉल द्यायचा, चालक गाडी थांबली की करेल. एक वहिनी म्हणाल्या, ‘एवढे दिवस वाटायचं, फोन उचलला म्हणजे हे सुखरूप आहेत. आता उचलला नाही की वाटेल, नीट चालवतायत.’

आता राहिल्या कंपन्या, आणि सगळ्यात मोठा वाटा त्यांचा आहे. गाडी किती वेगानं चालली आहे हे त्यांच्या अ‍ॅपला क्षणाक्षणाला कळतं. तरीही पुढच्या भाड्याची घंटी चालत्या गाडीत वाजते आणि काही सेकंदांची मुदत सुरू होते. गाडी थांबेपर्यंत घंटी धरून ठेवणं तंत्रज्ञांना जड नाही. चालत्या गाडीत न स्वीकारलेलं भाडं चालकाच्या खात्यावर उणं न धरणं हा तर केवळ धोरणाचा भाग आहे. चालकाचे सगळ्या अ‍ॅपवरचे तास एकत्र मोजणंही जमण्यासारखं आहे. चालकाला दंड होतो तो योग्यच आहे, मी त्याच्या बाजूनं एक शब्द काढणार नाही. पण चालत्या गाडीत घंटी वाजवणाऱ्यालाही कायद्यानं जाब विचारला पाहिजे. परवाना देताना सरकारनं अ‍ॅप कंपन्यांना ही अट घालावी, आणि ती घातली जाईपर्यंत आपण प्रवाशांनी ती मागत राहावी.